निर्वाण सिंफनी ऐकायची कशी (आधी कूलर बंद करा)

राजेहो, जपानी सिंफनी म्हटलं की बासरी-बिसरी, काहीतरी गोड-गोड मनात येतं, पण जपानी संगीतकार तोशिरो मायुझुमीची निर्वाण सिंफनी तशी अजिबात नाही. 1958 ची आहे, अर्ध्या तासाच्या थोडी वर, मोठा ऑर्केस्ट्रा अन् सोबत पुरुषांचा कोरस. यात चाल शोधत बसाल तर पाच मिनिटांत कंटाळून बंद कराल, चाल नाही, घंटा शोधायची.

म्हणून आधी टेकडी गणपतीला किंवा घराजवळच्या कोणत्याही देवळात गर्दी नसताना जा, मोठी घंटा एकदाच वाजवा अन् आवाज पूर्ण मरेपर्यंत तिथंच उभे राहा. वरचा खणखणाट पटकन विरतो, खालचा जाड घुमारा मात्र बराच वेळ राहतो. मायुझुमीने जपानी देवळांच्या घंटांचा आवाज तपासून त्यात कोणते सूर एकत्र वाजतात ते काढलं अन् ते वाद्यांना वाटून दिले, म्हणजे घंटेचं काम अख्खा ऑर्केस्ट्रा करून राहिला आहे, भारी डोकं आहे की नाही!

आता मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, खालचा घुमारा त्यात येतच नाही. हेडफोन घ्या, नाहीतर दोन स्पीकर लांब-लांब ठेवा, कारण वादक तीन गटांत बसवायचे अन् ऐकणारे मधात, अशी मूळ मांडणी आहे. अन् मे महिना असला तरी कूलर बंद, त्याची घरघर नेमकी त्या घुमाऱ्यावरच बसते, पहाटे ऐकलं तर घामही कमी.

भाग सहा आहेत. पहिला, तिसरा, पाचवा घंटांचे, दुसऱ्या अन् चौथ्यात पठण, शेवटच्यात दोन्ही एक होतात. पहिल्या दिवशी फक्त पहिले दोन ऐका, पुरे. दुसऱ्यात झेन बौद्ध मठातलं शूरंगम मंत्राचं पठण आहे, मूळ संस्कृत पण चिनीतून जपानी उच्चारात गेलेलं, त्यामुळे दीक्षाभूमीवर पाली वंदना ऐकलेल्या कानालाही शब्द ओळखू येणार नाहीत, त्याच्या मागे लागू नका. एकेक आवाज कसा येऊन मिसळतो अन् गर्दी कशी वाढते तेवढं धरा.

मग एखाद्या रविवारी सहाही भाग सलग, मधात पॉज नाही. हे पचलं तरच त्याची 1960 ची मंडल सिंफनी लावा, तिच्यात कोरस नाही.