दरवाज्यांना नवं रेग्झिन: पॅनल उघडण्याआधीची तयारी

पहिली तयारी कॅलेंडर बघण्याची. गाडीच्या दरवाज्यांच्या आतल्या पॅनलवर नवं रेग्झिन, म्हणजे कृत्रिम चामडं, चढवायचं काम पावसाळ्यात काढू नये, कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. चिकटवायचं सोल्यूशन सुकताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि बोटाला कोरडं लागलेलं सोल्यूशनसुद्धा मग धड पकड घेत नाही. मे महिन्यात उलटा त्रास. नागपूर-अकोल्याच्या उन्हात रेग्झिन जागेवर नीट बसवायच्या आतच सोल्यूशन सुकून जातं. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. थंडीच्या सकाळी रेग्झिन तेवढं ताठर असतं, पण थोडा वेळ उन्हात पसरून ठेवलं की नरम येतं.

मग कशाला हात लावायचा नाही ते ठरवा. दरवाज्यांचे पॅनल, त्यांवरचे आर्मरेस्ट, गिअरच्या दांड्याभोवतीचं कव्हर, इतकं घरी जमतं. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डची डावी बाजू, खांबांवरची आणि सीटच्या कडेची जी जी जागा एअरबॅगची असेल, तिथे काहीही चिकटवायचं नाही. एअरबॅग ठरलेल्या रेषेवरच झाकण फोडून बाहेर येते. वर रेग्झिन ताणलेलं असलं की तो हिशेब बिघडतो. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आता बहुतेकांच्या गाडीत ती असतेच. काही गाड्यांच्या दरवाज्यात तिचा सेन्सरही असतो, म्हणून पॅनल काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तितका वेळ थांबा. डॅशबोर्डवर फिकट रंग चढवायचा मोह मात्र एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीतही टाळा. पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि दुपारी रस्ता दिसेनासा होतो.

आता खरेदी. रेग्झिन हातात घेतलं की आधी उलटं करून बघा. मागे विणलेल्या बनियनसारखं जाळीदार कापड असेल तर ते चारही बाजूंना ताणलं जातं आणि आर्मरेस्टच्या वळणावर सुरकुती न पडता बसतं. मागे साधं आडवं-उभं कापड असेल तर ते फक्त सपाट भागासाठी. पन्हा साधारण ५४ इंच असतो. दुकानात जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर पॅनलचा आकार उतरवा, चहूबाजूंनी दुमडायला दीड-दोन इंच सोडा आणि ते कागद ५४ इंचांच्या पट्ट्यात जमिनीवर मांडून बघा. मांडताना सगळे कागद एकाच दिशेने ठेवा, नाहीतर डाव्या दरवाज्याची नक्षी उभी आणि उजव्याची आडवी येते. खऱ्या चामड्याचा विचार असेल तर ते चौरस फुटावर मिळतं, आकार वेडावाकडा असतो आणि डाग-ओरखडे वगळावे लागतात, म्हणून बरंच जास्तीचं घ्यावं लागतं. चपलांचं जाड, ताठ चामडं यासाठी नको. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला रेग्झिनच घ्या, आणि तेही बिनशिलाईचं. शिवण हवीच असेल तर तेवढं काम सीटमेकरकडून करून घ्या. रेग्झिनला सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही, त्यामुळे उसवून पुन्हा शिवण्याची सोय नाही.

सगळ्यात जास्त डोकं सोल्यूशनवर खर्च करा. सुताराचा पांढरा फेविकॉल इथे कामाचा नाही, कारण त्याला पाणी शोषणारा पृष्ठभाग लागतो. लागतं ते रेग्झिनची पाठ आणि पॅनल अशा दोन्हींना लावायचं पिवळसर रबरी सोल्यूशन. तेही उष्णतेला टिकणारं बघून घ्या, कारण उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. शिवाय रेग्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि हलकं सोल्यूशन ढिलं करतं. वर्षभरात कडा सुटू लागल्या की लोक कारागिराला नावं ठेवतात, पण बरेचदा दोष डब्यातल्या मालाचा असतो.

पॅनल निघाल्यावर त्याची पाठ वाचा. प्लॅस्टिकच्या भागावर इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. एबीएस, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लॅस्टिक असेल तर निश्चिंत व्हा. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल तर त्यावर सोल्यूशन सहजासहजी धरत नाही. बंपर रंगवणाऱ्यांकडे त्यासाठीचा प्रायमर मिळतो, तो आधी आणून ठेवा. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरमध्ये प्लॅस्टिकऐवजी हार्डबोर्ड सापडेल, आणि त्याची खालची कड पाण्याने फुगलेली असेल तर डागडुजीपेक्षा नवा कापून घेणं बरं.

जुना फोम ओलाव्याने कुजून पिठासारखा झालेला असतो. मास्क लावून नायलॉनच्या ब्रशने तो पूर्ण उतरवा. थिनर ओतलात तर त्याचा चिखल होईल आणि प्लॅस्टिकही खराब होईल. राहिलेल्या कणांवर नवं रेग्झिन लावलं तर ते कणांना चिकटतं, पॅनलला नाही. नवा फोम दोन-तीन मिलिमीटरचा पुरे, आणि तो कडेच्या थोडा आतच थांबवा. कडा जाड झाल्या तर काचेच्या बटणाची पट्टी खाचेत शिरत नाही.

हत्यारांची यादी छोटी आहे: स्क्रू-ड्रायव्हर, पॅनल उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, धारदार कटर, ब्रश, पॉलिश पेपर, हीट गन किंवा घरातला हेअर ड्रायर. पॅनलच्या क्लिपा उघडताना हमखास तुटतात, म्हणून नव्या आधीच घेऊन ठेवा; पुण्यात नाना पेठेत त्या सहज मिळतील. जागा गच्चीवरची किंवा उघड्या पडवीतली निवडा. सोल्यूशनची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ समई, उदबत्ती किंवा डासांची कॉइल काहीही नको.

पॅनलमागे दरवाज्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो कचरा समजून फेकू नका. काचेवरून उतरणारं पाणी तोच अडवतो आणि तो फाटला तर जुलैत पायाशी तळं साचतं. परत लावायला काळी ब्युटाइल टेप आणून ठेवा.

पॅनल चिकटवल्यावर लगेच ठोकून बसवायचे नसतात, निदान रात्रभर सपाट ठेवायचे. तेवढा काळ गाडी उघड्या दरवाज्यांनिशी छताखाली उभी राहील आणि कोणाला पहाटे स्टेशनवर सोडायचं नसेल, असा दिवस निवडा.