कार्पेटखालचं पॅड: कारागीर येण्याआधीची तयारी

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडे कार्पेट बदलायचं ठरलं की सगळी चर्चा 'बेज की राखाडी' यावर होते. पॅडचा, म्हणजे कार्पेटखाली अंथरायच्या गादीसारख्या थराचा, विषय दुकानदाराच्या 'ते आमच्याकडून फुकट' या एका वाक्यात निकाली निघतो. तयारीची सुरुवात इथूनच करा: फुकट पॅड किती जाड आणि किती घनतेचं आहे ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. घरातल्या साध्या कार्पेटखाली जाडी ७/१६ इंचापेक्षा जास्त नको आणि घनता दर घनफुटाला ६ पौंडांच्या आसपास हवी. बर्बरसारखं घट्ट लूपचं, म्हणजे न कापलेल्या धाग्याच्या वेढ्यांचं, कार्पेट घेत असाल तर जाडी ३/८ इंचापर्यंत आणि घनता ८ पौंड. दुकानात अंगठ्यानं दाबून 'किती मऊ!' म्हणणारे बरेच भेटतात, पण फार मऊ पॅडवर कार्पेट प्रत्येक पावलाला खाली वाकतं, जोड उसवायला लागतात आणि कडेची पकड सुटते. माझं मत विचाराल तर पैसे कमी पडत असतील तेव्हा कार्पेट एक पायरी खालचं घ्यावं, पॅड नाही.

मोजमाप आधीच करून ठेवा. समजा बेडरूम १२ बाय १५ फुटांची आहे. पॅडचा रोल सहसा ६ फूट रुंद असतो, म्हणजे १५ फुटांचे दोन तुकडे आणि मधोमध एकच जोड. कडेनं लागणारी टॅक स्ट्रिप, म्हणजे बारीक टोकदार खिळ्यांची लाकडी पट्टी, ४ फुटी तुकड्यांत मिळते. परिघ ५४ फूट, दाराचे ३ वजा केले तरी तेरा तुकडे लागतात. कोपऱ्यांत कापाकापी होतेच, म्हणून पंधरा आणा. कार्पेट स्वतःच घालणार असाल तर नी किकर आणि पॉवर स्ट्रेचर ही कार्पेट ताणायची अवजारं विकत घेऊ नका, होम डेपोत भाड्यानं मिळतात. युटिलिटी नाइफची पाती मात्र भरपूर हवीत. बोथट पात्यानं पॅड कापलं जात नाही, फाटतं.

भिंती आणि बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याच्या फळ्या) रंगवायचे असतील तर ते कार्पेटच्या आधी. खोली पूर्ण रिकामी करा, कपाटाचा तळसुद्धा. दारं बिजागरीतून काढून बाजूला ठेवा. जुनं पॅड उचललं की त्याचे स्टेपल जमिनीतच राहतात. ते पकडीनं उपटा, नाहीतर ठोकून सपाट करा. कंटाळवाणं काम आहे, गुडघ्यांना पॅड बांधूनच बसा. जुनी टॅक स्ट्रिप सडलेली, गंजलेली किंवा हलणारी नसेल तर राहू द्या.

लाकडी सबफ्लोअर, म्हणजे कार्पेटखालची मूळ जमीन लाकडाची, असेल तर आता अख्ख्या खोलीत पाय आपटत चाला. जिथे करकर वाजतं तिथे खालच्या तुळईत जाईल असा स्क्रू मारा. ही संधी कार्पेट पुन्हा उचलेपर्यंत येत नाही. आधीच्या मालकाच्या कुत्र्या-मांजरानं डाग पाडले असतील तर नुसतं पुसून वास जात नाही, त्यावर शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर लावून ते बंद करा. जुन्या घरात कार्पेटखाली ९ इंची चौकोनी टाइल्स निघाल्या तर हात थांबवा. त्यांत किंवा त्यांच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतो. खरवडू नका, घासू नका, आधी तपासून घ्या.

बेसमेंटमध्ये काँक्रीट असेल तर प्रश्न ओलीचा. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दिवसभर राहू द्या. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल तर कार्पेटची तारीख पुढे ढकला आणि ओल कुठून येते ते शोधा. तसंच पॅड घातलं तर बुरशी खालून वाढते आणि वास येईपर्यंत कळत नाही. जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप असतील तर ते कारागिराला आल्याआल्या सांगा. तिथे पट्टी खिळ्यांनी ठोकायची नाही, डिंकानं चिकटवायची. पॅडही पातळ घ्यायचं, नाहीतर ऊब वर येत नाही.

पट्टी भिंतीला चिकटून लावत नाहीत. मध्ये कार्पेटच्या जाडीपेक्षा थोडी कमी, फार तर ३/८ इंच फट ठेवतात. कार्पेटची कड त्या फटीत खोचली जाते. खिळ्यांची टोकं भिंतीकडे झुकलेली हवीत. उलटी लावलेली पट्टी कार्पेट धरतच नाही.

पट्टी बसली, जमीन व्हॅक्यूम करून झाली, की मग पॅड. पॅडची प्लास्टिक लावलेली गुळगुळीत बाजू वर ठेवा, म्हणजे ताणताना कार्पेट त्यावरून सरकतं, अडकत नाही. तुकडे एकमेकांना भिडवा, पण एकावर एक चढवू नका आणि फटही सोडू नका. चढवलेली जागा वरून उंचवट्यासारखी कायम दिसते, फट पायाला लागते. कार्पेटला जोड येणार असेल तर पॅडचा जोड त्याच्या बरोबर खाली नको, किमान सहा इंच बाजूला हवा. सर्वांत सोपं म्हणजे पॅड कार्पेटच्या आडव्या दिशेनं अंथरायचं.

आता ते जागेवर पक्कं करायचं. नुसतं पसरलेलं पॅड स्ट्रेचरच्या ओढीबरोबर सरकतं आणि पंगतीतल्या सतरंजीसारखं एका बाजूला गोळा होतं, आणि ते कळतं कार्पेट बसल्यावर. लाकडावर हॅमर टॅकरनं (हातोडीसारखं आपटून स्टेपल मारायच्या अवजारानं) कडेनं आणि जोडाच्या दोन्ही बाजूंनी दर सहा ते आठ इंचांवर स्टेपल मारा, मधल्या भागात थोडे विरळ चालतील. स्टेपलचं डोकं वर राहिलं असेल तर हातोडीनं बसवा. काँक्रीटमध्ये स्टेपल धरत नाही, तिथे पॅडसाठीचाच डिंक लागतो, कडेनं आणि जोडाखाली. डबल टेपवर माझा विश्वास नाही, काँक्रीटची धूळ तिला टिकू देत नाही. जोडांवर वरून टेप लावा. पॅड सुरुवातीला पट्टीवर थोडं जाईल इतकं मोठं ठेवा, आधी स्टेपल मारा आणि मग पट्टीच्या आतल्या कडेनं सुरी चालवा. पॅड पट्टीला टेकावं, तिच्यावर चढू नये. चढलं तर खिळे कार्पेटपर्यंत पोचत नाहीत.

जिन्यावर पॅड थोडं पातळ घ्या, पायरीच्या पुढच्या कडेवरून खाली वळवून कडेखाली स्टेपल करा.

कारागीर लावून घेणार असाल तर पॅड झाल्यावर आणि कार्पेट पसरण्याआधी दहा मिनिटं मागून घ्या, आधीच सांगून ठेवलंत तर कोणी नाही म्हणत नाही. अनवाणी पायांनी सगळ्या कडेनं आणि जोडांवरून चाला. पाय सरकला, टोचलं किंवा खड्डा लागला तर तिथेच थांबवून दुरुस्त करून घ्या. उरलेल्या पॅडचा एक मोठासा तुकडा गॅरेजमध्ये ठेवून द्या, कधी पाइप फुटला तर तेवढाच भाग बदलता येतो. दारं परत लावताना खालून घासतील, त्यासाठी करवत कोणी आणायची हे कारागिराशी आधीच बोलून घ्या. बरेच जण ते काम आपलं मानत नाहीत.