ब्राउझर बदलायचाय? आधी एक कागद घ्या

गेल्या वर्षी मी क्रोम सोडून फायरफॉक्सवर आले. दोन महिन्यांनी आईचा लॅपटॉपही त्याच वाटेने नेला. माझं काम मुद्रितशोधनाचं, त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास ब्राउझरसमोरच जातात. इम्पोर्टचं बटण दाबून सामान हलवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण नवीन ब्राउझरमध्ये खऱ्या अर्थाने राहायला येईपर्यंत महिना गेला. म्हणून माझा आग्रह आहे, की जुना ब्राउझर महिनाभर काढू नका आणि टेबलावर एक कागद ठेवा. काही ना काही कारणाने जुन्याकडे परत जावं लागलं की ते कारण त्या कागदावर लिहायचं. इम्पोर्टमध्ये काय राहून गेलं हे त्या यादीइतकं नेमकं दुसरं काहीही सांगत नाही.

कुठे जायचं हे ठरवताना एक गोष्ट पाहा. एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा हे सगळे क्रोमियमवर, म्हणजे क्रोमचाही पाया असलेल्या सॉफ्टवेअरवरच उभे आहेत (एज 2020 च्या जानेवारीत तिकडे वळला). क्रोममधून यांच्याकडे गेलात तर तुमची बहुतेक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जादा साधनं, तशीच चालतील. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, गेको नावाचं. तिथे बरीच एक्स्टेन्शन नव्याने शोधावी लागतात, आणि त्यांच्या आत साठवलेलं काही असेल तर तेही वेगळं काढून आणावं लागतं. माझं टिपणांचं एक एक्स्टेन्शन होतं. त्यातली टिपणं मी आधी फाइलमध्ये उतरवून घेतली, म्हणून वाचली.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. जुना ब्राउझर पूर्ण बंद करा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझरचा डेटा इम्पोर्ट करायची सोय आहे, तिथे जुन्या ब्राउझरचं नाव निवडा. बुकमार्क्स येतात, हिस्टरीही येते. हिस्टरी नको म्हणून खूण काढू नका. अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन अक्षरं टाइप केली की नेहमीची साइट समोर येते, ती या हिस्टरीच्याच जोरावर. आईच्या लॅपटॉपवर मी हा टप्पा गाळला होता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ‘‘अगं, माझं सगळं गेलं का?’’ गेलं काहीच नव्हतं. तिला पत्ते पाठ नव्हते, पहिली दोन अक्षरं तेवढी पाठ होती. हिस्टरी आणली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बुकमार्क्स फाइलने आणायचे असतील तर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून तीन टिंबांच्या मेनूतून एक्स्पोर्ट करा. एचटीएमएल फाइल मिळते आणि ती जवळपास कुठलाही ब्राउझर वाचतो. आणल्यावर वरच्या पट्टीवर दिसले नाहीत तर घाबरू नका, बुकमार्क्सच्या मेनूत पाहा.

पासवर्डच्या बाबतीत मात्र सावकाश चला. ते बरेचदा थेट येत नाहीत. जुन्या ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढून नवीन ब्राउझरमध्ये भरावी लागते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. साइट, युजरनेम, पासवर्ड, सगळं एका ओळीत, उघडं, कुठल्याही कुलुपाशिवाय. माझ्याकडून ती डाउनलोड्समध्ये तीन आठवडे पडून राहिली, आणि त्या फोल्डरची प्रत आपोआप क्लाउडवर जात होती हेही नंतर लक्षात आलं. मग शंभरेक खात्यांचे पासवर्ड बदलत बसले. तेव्हा फाइल भरून झाली की लगेच डिलीट करा, रीसायकल बिन रिकामी करा आणि बॅकअप चालू असेल तर तिथूनही काढा. फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्डची, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डना कुलूप लावणाऱ्या एका पासवर्डची सोय आहे, तीही त्याच बैठकीत चालू करा.

सीएसव्हीमध्ये पासकी येत नाहीत. ज्या खात्यांत तुम्ही पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने शिरता, त्यांची यादी आधीच काढा. जुन्या ब्राउझरमधून लॉगिन असतानाच त्या खात्याच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन प्रवेशाचा दुसरा मार्ग जोडून ठेवा, आणि मग नवीन ब्राउझरमधून नवी पासकी तयार करा.

चालू लॉगिनही सहसा येत नाहीत, कारण ते कुकीजमध्ये, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींमध्ये असतात. पहिल्या दिवशी प्रत्येक साइट पुन्हा पासवर्ड मागेल, कोड पाठवेल. फोन चार्ज करून जवळ ठेवा आणि घाईचं काम असलेला दिवस यासाठी निवडू नका. कॅमेरा, माइक, नोटिफिकेशनच्या परवानग्याही नव्याने द्याव्या लागतात. माझ्या कागदावरची पहिलीच नोंद ती होती: ऑनलाइन बैठकीत माइक चालेना, म्हणून जुन्याकडे धावले.

डीफॉल्ट ब्राउझर बदलायला विसरू नका, नाहीतर ईमेलमधली प्रत्येक लिंक जुन्यातच उघडेल. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स असं जा. अँड्रॉइडवरही डीफॉल्ट अ‍ॅप्समध्येच ते सापडतं. आयफोनवर ही मुभा 2020 साली आयओएस 14 बरोबर आली.

फोन आणि संगणक जोडायला फायरफॉक्सच्या खात्यातून सिंक चालू कराल, तेव्हा त्या खात्याची रिकव्हरी की लगेच तयार करून कागदावर लिहून ठेवा. फायरफॉक्सचा सिंक केलेला डेटा तुमच्याच पासवर्डने कुलूपबंद होतो. पासवर्ड विसरून रीसेट केला आणि की नसली, तर सर्व्हरवरची प्रत हाती लागत नाही.

माझ्या कागदावर पहिल्या आठवड्यात अकरा नोंदी झाल्या, चौथ्या आठवड्यात एक. एक जुनी साइट नवीन ब्राउझरमध्ये नीट चालतच नव्हती. तेवढ्यासाठी मी जुना ब्राउझर ठेवला आहे, त्यात काहीही साठवलेलं नाही. तुम्हीही जुना रिकामा करणार असाल तर आधी त्यातला सिंक बंद करा, खात्यातून साइन आउट व्हा, मगच पासवर्ड आणि बुकमार्क्स पुसा. सिंक चालू असताना पुसलेलं फोनवरूनही पुसलं जातं.