मॉरिशसची क्रिओल शिकायची असंल तर अशी सुरुवात करा

लातूर, नांदेड, परभणीकडून कुणाला मॉरिशसला हॉटेलच्या कामाला नाहीतर शिकायला जायचं असंल तर फ्रेंचचा क्लास लावायच्या आधी हे वाचा. तिथं पेपर बहुतेक फ्रेंचमधी अन् सरकारी कागद इंग्रजीत, पण घरात, बसमधी, बाजारात लोक क्रिओलच बोलतात. कुणी तिला बिघडलेली फ्रेंच म्हणलं तर ऐकू नका, तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे. 1715 ला फ्रेंचांनी बेट घेतलं, मादागास्कर अन् आफ्रिकेतून गुलाम आणले, त्या माणसांच्या तोंडी ही भाषा घडली, मग 1810 ला इंग्रज आले तरी ती टिकली, 1834 पासून हिंदुस्थानातले मजूर उसाच्या मळ्यात गेले, त्यात मराठी पण होते, अन् त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हीच उचलली. 2012 पासून ती प्राथमिक शाळेत विषय म्हणून पण आहे.

मोबाईलवर नुसतं 'क्रिओल' टाकून शिकायला बसू नका. डुओलिंगो ह्या भाषा शिकायच्या ॲपवर जी क्रिओल आहे ती हैती देशाची, लै वेगळी. ओळखायला सोपं आहे, 'मी' साठी 'म्वें' आलं तर हैतीची, 'मो' आलं तर मॉरिशसची. शोधताना 'क्रेओल मोरिस्येन' असं शोधा.

आता क्रियापद, खरी मजा इथंच आहे. 'मांझे' म्हणजे खाणं, झ आपल्या झाडातला पण हलका. मो मांझे, मी खातो. मो पे मांझे, मी खायलो. मो ती मांझे, मी खाल्लं. मो फिन मांझे, माझं खाऊन झालं. मो पू मांझे, मी खाणार. बस, मधला छोटा शब्द बदलायचा, क्रियापद मी-तू-तो कुणासाठीच बदलत नाही, अन् तो, ती, ते तिन्हीला एकच 'ली'. नाही म्हणायचं तर 'मो' च्या लगेच पुढं 'पा' टाका: मो पा पे मांझे, मी खायलो नाही. 'पे' ला आपलं 'खायलो, जायलो, करायलो' एवढं फिट बसतं की पुण्याच्या मराठीतून शिकण्यापेक्षा आपल्या बोलीतून शिका, लवकर जमतंय.

एक ठिकाणी अडकायला होतं. पुढं काय खाल्लं ते आलं की क्रियापदाची शेपूट तुटते, 'मांझे' चं 'मांझ' होतं: मो मांझ दिरी, मी भात खातो. बोलण्याचं पण तसंच: 'कोझे' म्हणजे बोलणं, पण मो कोझ क्रेओल, मी क्रिओल बोलतो. सगळ्याच क्रियापदांचं असं होत नाही, म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, पुऱ्या वाक्यासकट करा.

माणसाशी बोलताना 'तो' म्हणजे तू अन् 'ऊ' म्हणजे तुम्ही. म्हाताऱ्या माणसाला, अनोळखी माणसाला 'ऊ' च. बोंझूर, की मान्येर (कसं काय), मेर्सी, एवढं पहिल्या दिवशी तोंडात पाहिजे.

मग थेट भाजीबाजार धरा, शब्द तिथं पटापट बसतात. भेंडी लालो, कारलं मारगोझ, दोडका पिपंगाय, टोमॅटो पोमदामूर, कोथिंबीर कोतोमिली. भाजीकडं बोट दाखवून 'कोम्ये सा?' म्हणजे हे केवढ्याला, अन् आकडा कळंना तर परत विचारा, पण क्रिओलमधीच विचारा, लगेच इंग्रजीवर जाऊ नका.