पहिल्यांदा रॉक कॉन्सर्टला चाललायस? आधी कानांचं बघ

तिकीट मिळालं, घरच्यांनी हो-नाही करत एकदाचं सोडलं, आणि आता तू कुठला टीशर्ट घालायचा यावर तीन दिवस घालवणार, माहितीये मला, मीही तेच केलं होतं. टीशर्ट कुठलाही चालेल. बुटांचं मात्र ऐक, पुढून बंद असलेले आणि जुने, पायाला सवय झालेलेच घाल, कारण चार-पाच तास उभं राहायचंय आणि अंधारात तुझ्या पायावर कोण ना कोण नाचणारच.

आता कान. माझ्या पहिल्या कॉन्सर्टला मी थेट स्पीकरच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो, वाटलं हीच सगळ्यात भारी जागा. घरी आल्यावर कानात जे टीऽऽऽ सुरू झालं ते दोन दिवस थांबेना, आई काय बोलतेय ते उशीतून ऐकू आल्यासारखं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, गाढव होतो. हिशोब असा असतो की ८५ डेसिबलचा आवाज कानाला साधारण ८ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि रॉक शोमध्ये आवाज सहज १०० च्या वर असतो नि शो दोन तासांचा. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. द हू बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड कानातल्या असल्याच टीऽऽऽ आवाजाबद्दल किती वर्षं जाहीर बोलतोय, तेव्हा इअरप्लग म्हणजे घाबरटपणा वगैरे डोक्यातून काढून टाक, स्टेजवरचे वादकसुद्धा घालतात.

साधे फोमचे प्लग चालतात, फक्त नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून उपयोग नाही. बोटांनी वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेव. फोममुळे वरचे सूर जास्त दबतात, गाणं थोडं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं, ते नको असेल तर संगीतासाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते सगळेच सूर सारखे कमी करतात. पहिला प्रयोग घरी कर, तिथे गर्दीत नको.

उभं कुठे राहायचं? सगळ्यांना वाटतं पुढे. पण आवाज सगळ्यात चांगला ऐकू येतो तो साउंडवाल्याच्या टेबलाजवळ, मैदानाच्या मधोमध जरा मागे ते मोठं बटणांचं टेबल असतं ना तिथे, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतंय त्यावरच मिक्स करतो, म्हणजे वाद्यांचे नि गायकाचे आवाज जुळवतो! शिवाय टेबलाला कठडा असतो, टेकता येतं. पुढे जायचंच असेल तर जा, आयुष्यात एकदा जायलाच हवं खरं तर, पण मग गर्दीचं शास्त्र माहीत पाहिजे. एक पाय पुढे एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर. हात खाली अडकले आणि छाती दाबली गेली की श्वास घेता येत नाही, गर्दीत जीव जातो तो बहुतेक वेळा यामुळेच, तुडवलं जाऊन कमी. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड फेस्टिव्हलला पर्ल जॅम बँडचा शो चालू असताना पुढच्या गर्दीत ९ जणांचा जीव गेला. घाबरवायला नाही सांगत. गर्दी लाटेसारखी ढकलते, लाटेच्या विरुद्ध जोर लावू नकोस, ती ओसरली की तिरकं तिरकं बाजूला सरक. स्वतःहून हलता येईनासं झालं म्हणजे आधीच उशीर झालाय, त्याआधीच निघ.

मॉश पिट, म्हणजे स्टेजपुढे लोक एकमेकांवर आदळत नाचतात ती जागा, लांबून हाणामारी वाटते पण त्यात एक पक्का नियम आहे, कोणी पडला की आजूबाजूचे सगळे थांबून त्याला उचलतात. चष्मा, कानातले रिंग असलं काही घालून आत शिरू नकोस. आणि नुसतं काठावर उभं राहून बघितलंस तरी कोणी तुला कमी समजत नाही.

पाणी पित राहा, आधी नीट जेवून जा. आत हजारो फोन एकदम चालू असल्यामुळे नेटवर्क मरतं, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा आणि "गेटपाशी" असं मोघम नको, गेट चार असतात, कोणत्या नंबरचं ते ठरवा. आधी वाजवणारा छोटा बँड चुकवू नकोस, मी चुकवला आणि पुढे तोच माझा आवडता झाला, अजून हळहळ वाटते.

व्हिडिओ एखादाच गाण्याचा काढ. तसाही त्यात आवाज फाटलेला येतो आणि मधेच तुझंच बेसूर गाणं.

शेवटचं गाणं झालं असं सांगून बँड आत गेला तरी लगेच निघू नकोस, लाइट बंद असतील तर ते बहुतेक परत येणार. मैदानाचे मोठे दिवे लागले आणि स्पीकरवर भलतंच रेकॉर्डेड गाणं सुरू झालं, की मग खरंच संपलं, जा ठरलेल्या गेटला.