गोव्यातील घरासाठी दारे-खिडक्या निवडताना

घराचा आराखडा हाती येताच बहुतेक जण लाकूड घ्यावे की अ‍ॅल्युमिनियम, हे आधी विचारतात. खरे तर आधी पाहावे ते कोणती भिंत कोणत्या दिशेला आहे. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आडवा झोडपतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम भिंतींवरच्या खिडक्यांचा निर्णय उर्वरित घरापासून वेगळाच घ्यावा लागतो. या दोन बाजूंना रुंद छज्जा हवाच, आणि खिडकीखालच्या पाटाला बाहेरच्या बाजूस उतार असावा.

सरकत्या खिडक्या स्वस्त आणि सोयीच्या असल्या, तरी त्यांच्या खालच्या पट्टीत पाणी साचते आणि जोराच्या वाऱ्याने ते आत ढकलले जाते. म्हणून पावसाच्या बाजूला बाहेर उघडणारी, रबरी पट्टी असलेली, घट्ट बसणारी झडपच मी सुचवेन. सरकती खिडकी घ्यायचीच असेल, तर पट्टीला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे आहेत ना, हे स्वतः पाहावे.

मोरजी, हरमल किंवा कोलवा यांसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने साध्या लोखंडाची बिजागरी लवकर गंजते. तेथे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि बिजागऱ्या घ्याव्यात; ३०४ प्रतीचे पोलाद खाऱ्या हवेत तितके टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला ओल्या सिमेंटचा क्षार खातो, म्हणून गिलावा पूर्ण होईपर्यंत तिच्यावरची संरक्षक पट्टी काढू देऊ नये. ही गोष्ट अगदी साधी आहे, पण घाईत हमखास राहून जाते.

डिचोली, सत्तरीसारख्या आतल्या तालुक्यांत लाकूड निःसंकोच वापरावे, मात्र ते पूर्ण वाळलेले असावे. सागवान वाळवीला आणि दमटपणाला बऱ्यापैकी दाद देत नाही. दार बसवण्यापूर्वी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडांनाही तेल किंवा रंग द्यावा, कारण ओल तेथूनच शिरते. पावसाळ्यात फुगून अडकणाऱ्या दारावर लगेच रंधा मारू नये, नाहीतर उन्हाळ्यात ते सैल पडते. न्हाणीघराला यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, दार पुरते.

मापाविषयी एक आकडा लक्षात ठेवावा: राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश इतकी खिडक्यांची उघडी जागा असावी. १२० चौरस फुटांच्या खोलीला म्हणजे किमान २० चौरस फूट. खिडक्या समोरासमोर ठेवल्यास वारा खेळतो. जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने लावून मंद प्रकाश आत घेत असत, आज दुधी काच ते काम करते.

कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक खिडकीवर बाहेरून नळीने काही मिनिटे पाणी मारून पाहावे, आणि आतल्या बाजूला हात फिरवून ओल लागते का ते तपासावे.