ऑस्ट्रेलियात नेटवर्क बंद पडलं तर काय करायचं? आधीची तयारी आणि नंतरची तक्रार

८ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे ऑप्टस या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क देशभर बसलं. सुमारे एक कोटी ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद. मेलबर्नच्या लोकल सकाळी थांबल्या, दवाखान्यांचे फोन लागेनात, दुकानांत कार्ड चालेना. २,१४५ लोकांना ००० या आणीबाणीच्या नंबरवर मदत मागता आली नाही. कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरपेक्षा जास्त दंड झाला, मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. तरीही १८ सप्टेंबर २०२५ ला फायरवॉल अपग्रेड करताना त्याच कंपनीचे शेकडो ००० कॉल अडकले आणि काही मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला.

लोकांचा संताप दंडाच्या रकमेने शमलेला नाही, आणि तो रास्त आहे. टेल्स्ट्रा ही दुसरी मोठी टेलिकॉम कंपनी एकेकाळी सरकारी होती. १९९७, १९९९ आणि २००६ अशा तीन टप्प्यांत ती विकली गेली. ऑप्टसची मालकी सिंगापूरच्या सिंगटेलकडे आहे. सेवा जीवनावश्यक, पण चालवणारे खासगी. अशा वेळी ग्राहकाच्या हाती दोनच गोष्टी राहतात: स्वतःची तयारी आणि लेखी तक्रार. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी दोन्ही शिकून घ्यायला हव्यात.

१. हँडसेट तपासा

भारतातून आणलेला फोन वापरत असाल तर हे सगळ्यात आधी करा. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने थ्रीजी बंद करायला सुरुवात केली. व्होडाफोनने त्याआधीच केलं होतं. काही फोनवर फोरजीचं इंटरनेट चालतं, पण ००० चा कॉल थ्रीजीशिवाय जात नाही. असे फोन नेटवर्कवर घेऊ नयेत असा कंपन्यांना नियम आहे. फोनवर *#०६# दाबा, येणारा आयएमईआय नंबर आणि मॉडेल कंपनीला कळवा आणि उत्तर लेखी मागा. ००० लावून चाचणी मात्र कधीही करू नका.

२. दुसरं सिम वेगळ्या नेटवर्कचं घ्या

नुसता ब्रँड बदलून भागत नाही. बूस्ट टेल्स्ट्राच्या नेटवर्कवर चालतं, अमेसिम ऑप्टसच्या, लेबारा व्होडाफोनच्या. म्हणजे ऑप्टसला पर्याय म्हणून अमेसिम घेणं व्यर्थ. शहराबाहेर राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: जानेवारी २०२५ पासून ग्रामीण भागात व्होडाफोन ऑप्टसच्याच टॉवरवर चालतं. तिथे त्या दोघांची जोडी ठेवून फारसा उपयोग नाही. घरातल्या दोघांचे फोन दोन नेटवर्कवर असले तरी काम भागतं.

३. वीज गेली तर?

जुन्या तांब्याच्या तारेवरचा साधा फोन वीज नसतानाही चालायचा. एनबीएन म्हणजे आताच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्यावरचा चालत नाही. वीज गेली की मोडेम आणि त्यावरचा फोन दोन्ही बंद. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर चार्ज केलेला मोबाइल आणि पॉवर बँक हाताशी हवी. जवळचा टेल्स्ट्राचा पेफोनही पाहून ठेवा. ऑगस्ट २०२१ पासून तिथून ऑस्ट्रेलियातल्या लँडलाइन आणि मोबाइलवर फुकट बोलता येतं.

४. ००० लागत नसेल तर

त्याच फोनवर वेळ घालवू नका. शेजाऱ्याचा किंवा रस्त्यावर दिसेल त्याचा, दुसऱ्या कंपनीचा फोन मागा. २०२५ च्या बिघाडात बाकीचे कॉल नीट लागत होते, त्यामुळे घरच्या फोनमध्ये काही बिघाड आहे असं बाहेरून ओळखू येत नव्हतं. कॉल लागला की पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका असं विचारतात. इंग्रजी अडत असेल तर आधी सेवेचं नाव सांगा, मग ‘मराठी’ म्हणा आणि फोन ठेवू नका. दुभाष्याची सोय होते.

५. तक्रार नोंदवा, नुसती चौकशी नको

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. कॉल सेंटरला ‘नेट का चालत नाही?’ विचारलं की ती चौकशी धरली जाते. ‘मला कंप्लेंट नोंदवायची आहे, रेफरन्स नंबर द्या’ असं स्पष्ट म्हणा. सप्टेंबर २०२५ मध्ये काही ग्राहकांनी ००० लागत नसल्याचं कंपनीला फोन करून कळवलं होतं. ते वरपर्यंत पोचलंच नाही. म्हणून फोननंतर तेच ईमेलनेही पाठवा.

मजकूर छोटा ठेवा: सेवा कधी बंद पडली, कधी सुरू झाली, कुठले नंबर बाधित झाले, काय नुकसान झालं आणि तुम्हाला काय हवं. घरगुती डब्यांचा व्यवसाय असेल तर बिघाडाच्या दिवसाच्या ऑर्डरी आणि आधीच्या तीन-चार आठवड्यांतल्या त्याच वाराच्या ऑर्डरी शेजारी शेजारी लिहा. बँकेचं स्टेटमेंट आणि ग्राहकांचे ‘फोन लागत नाही’ असे मेसेज जोडा. २०२३ मध्ये ऑप्टसने किमान २०० जीबी फुकट डेटा देऊ केला होता. ज्याचा दिवसाचा धंदा बुडाला, त्याने डेटाचं काय करायचं? बंद काळाचं भाडं आणि नुकसान या दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा.

६. लोकपालाकडे जा

कंपनीने दाद दिली नाही तर टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री ओम्बड्समन. फोन १८०० ०६२ ०५८. सेवा मोफत आहे, खर्च कंपन्याच भरतात. आधी कंपनीकडे तक्रार केलेली असणं आवश्यक, म्हणून तो रेफरन्स नंबर जपा. दुभाषा हवा असेल तर १३१ ४५० वर फोन करून जोडून मागता येतो.

७. राग संसदेपर्यंत न्या

दोन्ही बिघाडांनंतर सिनेटच्या समितीने चौकशी केली. अशा चौकशीला कुणीही लेखी निवेदन पाठवू शकतो, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व लागत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर खुल्या चौकश्यांची यादी आणि शेवटची तारीख असते. एक पान पुरेसं आहे: त्या दिवशी तुमच्या घरी काय झालं, कंपनीने काय उत्तर दिलं आणि कोणता नियम बदलायला हवा. त्याची प्रत आपल्या मतदारसंघाच्या खासदारालाही पाठवा.